रुमालाखालचा आकडा

अल्फिया मोमीनच्या सोळाव्या वाढदिवसाला केक कापून झाला, एकमेकींच्या तोंडाला फासून झाला, मेणबत्त्यांचा धूर नाकात गेल्यानं सगळ्यांचं शिंकूनही झालं, आणि मग देवश्री जगदाळेनं फोनकडे बघत ते वाक्य म्हटलं.

"अल्फिया माझी जगातली सगळ्यात जिवलग मैत्रीण आहे."

वाक्य साधं होतं. पहिलीपासून दोघी एका बाकावर. एकीचा दात पडला तेव्हा दुसरीनं तो कौलावर फेकला होता. हे वाक्य देवश्रीनं आजवर अनेकदा म्हटलं होतं, एकदोनदा तर भांडता भांडता. फक्त या वेळी तिच्या कानामागं ठिपका चिकटवलेला होता आणि फोन 'चव्हाटा' या ॲपवर थेट चालू होता. वाक्य संपलं आणि पडद्याच्या कोपऱ्यात आकडा उगवला.

अडतीस.

पडद्यावरच्या देवश्रीचा रंग उडाला. खरोखरच उडाला, पन्नासच्या खाली गेलेल्या माणसाला चव्हाटा राखाडी करून टाकायचा. तिला खेटून उभ्या असलेल्या अल्फियाभोवती मात्र सोनेरी कड झळकत होती, कारण जरा वेळापूर्वी ती म्हणाली होती, "देवू नसती तर मी दहावी पास झाले नसते," आणि तिला एक्याण्णव पडले होते.

मग मागून कुणीतरी फिसकन हसलं.

अल्फियाच्या हातात देवश्रीला भरवायचा केकचा तुकडा होता. तिनं तो थोडा वेळ तसाच धरला, मग बशीत ठेवला आणि बशी पुढं केली.

"घे," ती म्हणाली. "तुझ्या हातानं घे."

सांगोल्यातल्या शेंबड्या पोरालाही त्या अडतीसचा अर्थ कळत होता. पण ज्यांना ते दिवस अजून बघायचे आहेत, त्यांना थोडं सांगायला हवं.

त्याआधीच्या दहा-बारा वर्षांत यंत्रांनी इतकी खोटी माणसं बनवून पडद्यावर सोडली होती, की खऱ्या माणसांवरही कुणी विश्वास ठेवीना. एका बाईनं परगावी अडकून फोनवर रडणाऱ्या स्वतःच्या पोराला "तू यंत्र आहेस, मला फसवू नकोस," असं सांगून फोन ठेवून दिला होता. पोरगा खरा होता. तो अजून आईशी बोलत नाही.

अशा वेळी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत डॉ. वैदेही ताम्हनकर नावाच्या बाई वेगळ्याच कामात होत्या. ज्यांना बोलता येत नाही अशा तान्ह्या मुलांना दुखतंय की नाही, हे ओळखायचं साधन त्यांना हवं होतं. त्यांना आढळलं ते असं, की खरी भावना आधी शरीरात येते आणि मग चेहऱ्यावर. हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर हलतं, कातडीला बारीक ओल सुटते, नाकाचा शेंडा किंचित गार पडतो, गळ्यातल्या तारा ताणतात. चेहरा त्यानंतर हलतो. पापणी लवायच्या आत, पण नंतरच. आणलेल्या भावनेत क्रम उलटा होतो. चेहरा आधी पोचतो आणि शरीर मागून धापा टाकत येतं, किंवा येतच नाही. कानामागं चिकटवायचा टिकलीएवढा ठिपका शरीराची हालचाल मोजायचा, कॅमेरा चेहऱ्याची, आणि दोन्हींच्या क्रमाचा मेळ किती बसला ते शंभरपैकी सांगायचा. त्याला बाईंनी नाव दिलं निखळांक.

या ठिपक्याला फक्त क्रम कळतो, खरं-खोटं कळत नाही, आणि माणूस धास्तावलेला असेल तर क्रमही बिघडतो, असं बाईंनी शोधनिबंधाच्या शेवटच्या परिच्छेदात स्पष्ट लिहिलं होतं. शेवटचा परिच्छेद वाचायची पद्धत उद्योगजगतात नाही. चव्हाटा कंपनीनं ठिपका विकत घेतला आणि वर्षभरात तो देशातल्या पोरांच्या कानामागं जाऊन बसला. आता पडद्यावर नुसतं आनंदी दिसून भागत नव्हतं. आनंदी असावं लागत होतं, आणि तेही सगळ्यांसमोर, ठरल्या वेळी.

अडतीसची बातमी देवश्रीच्या आधी तिच्या घरी पोचली होती.

"अडतीस?" मम्मीनं दारातच विचारलं. "अगं, आपल्याकडं हळदीकुंकवाला येणाऱ्या बायकांनासुद्धा पंचेचाळीस पडतात!"

"मम्मी, प्लीज."

"मी कुठं काय म्हणाले? माझ्या भरल्या वांग्याला छान म्हणालीस तेव्हा तर एकोणतीस पडले होते. तेव्हा मी काही बोलले?"

ती तेव्हा काही बोलली नव्हती हे खरं होतं. त्यानंतर तिनं वांगी केली नव्हती, हेही खरं होतं.

देवश्री मागच्या अंगणात गेली. तिथं लिंबाखाली बाजेवर अप्पा बसले होते. अप्पा म्हणजे तिचे आजोबा. सारी उमर सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात खिल्लार बैलांची दलाली केलेले. आता त्यांच्या खांद्यावर बाजारातली एकच खूण उरली होती, ती म्हणजे रुमाल. खिशातला नव्हे, चांगला दोन हात लांब, धुऊन धुऊन मऊ पडलेला. अप्पांच्याही कानामागं ठिपका होता. रोज सकाळी ते चव्हाट्यावर शेजारच्या बंडू गावडेला शिव्या घालायचे आणि त्यांना अठ्ठ्याण्णव पडायचे.

"अप्पा," देवश्री बाजेच्या कडेला टेकली. "मला ती आवडतच नसंल तर?"

"कोन?"

"अल्फी. मला वाटतं की ती मला आवडते. पण ठिपका म्हणतो, नाही. मग खरं कोण? मी का ठिपका?"

अप्पांनी विचार केल्यासारखं केलं. "फोन लाव बरं माझ्यासमोर. चव्हाट्यावर नगं, नुसताच लाव."

तिनं फोन धरला. अप्पांनी घसा साफ केला, रुमाल झटकला, आणि समोर बैल उभा असल्यासारखं बोलायला लागले. "चार दाती हाय, ऐन भरात. पायाला लोखंड. नांगराला धरा, नाहीतर शर्यतीला पळवा. घरच्या पोरासारखा वाढवलाय, इकायचं मनात नव्हतं, पन येळ आली." बोलता बोलता त्यांचे डोळे भरले.

फोनवर शहाण्णव.

"हा बैल कुठला?" देवश्रीनं विचारलं.

"मेथवड्याच्या पाव्हन्याला इकलेला. तीन पायांवर चालायचा."

"मग शहाण्णव कसे?"

"इकताना मला त्यो चांगलाच वाटायचा गं," अप्पा म्हणाले. त्यांना यात काही वावगं वाटलेलं दिसलं नाही.

देवश्रीला हसू यायला हवं होतं. त्याऐवजी ती फोनवरच्या आकड्याकडं बघत राहिली. अप्पा खोटं बोलून शहाण्णव आणतात, आणि आपल्याला खरं बोलून अडतीस. की आपलंच खोटं होतं? ते वाक्य बोलायच्या आधी डोक्यात नेमकं काय होतं, हे ती पुन्हा पुन्हा आठवून बघत होती. होतं ते एवढंच: अल्फीला एक्याण्णव पडलेत, आता मला त्याहून कमी पडायला नकोत. अल्फियाचा त्यात पत्ताच नव्हता. हे आठवलं, की तिला आणखी भीती वाटायची.

शाळेत दोघींचं बाक तेच राहिलं. वर्गशिक्षिका जागा बदलू देत नव्हत्या. एका बाकावर दोन हातांच्या अंतरानं बसायची कला दोघींनी चार दिवसांत शिकून घेतली. पूर्वी याच बाकाखाली त्या अप्पांची विद्या चालवायच्या. लहानपणी अप्पांनी दोघींना रुमालाखालचा सौदा शिकवला होता. बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोन हातांवर रुमाल टाकतात आणि आत बोटं दाबून आकडा सांगतात. एक बोट दाबलं की एक, सगळा पंजा दाबला की पाच, पंजा आणि वर दोन बोटं म्हणजे सात. रुमाल ओढला, की सौदा मोडला. हातावर टाळी दिली, की झाला. वर चेहरा दगडासारखा ठेवायचा, कारण भोवती पन्नास माणसं टपलेली असतात. अप्पांनी दोन नियम पढवले होते. पहिल्या दाबात पूर्ण भाव सांगणारा चोर असतो. आणि रुमालाखालचं रुमालाखालीच ठेवायचं, बायकोलासुद्धा सांगायचं नाही. पोरींनी या विद्येवर पेरूच्या फोडी, गणिताची उत्तरं आणि एकदा एक मांजराचं पिल्लू यांचे सौदे केले होते.

आठवड्यानं पिसाळ सरांनी फोन करून देवश्रीला बोलावून घेतलं.

पिसाळ सर 'सहज अकॅडमी' चालवायचे. बोर्डावर लिहिलेलं होतं, 'नैसर्गिक व्हा, पहिल्याच प्रयत्नात.' सकाळी उत्स्फूर्ततेची बॅच असायची, संध्याकाळी निरागसतेची. निरागसतेला नववीनंतर प्रवेश मिळत नसे. मोठ्या शहरांतल्या कॉलेजांनी मुलाखतीला ठिपका सक्तीचा केल्यापासून अकॅडमीत उभं राहायला जागा नव्हती. देवश्री आणि अल्फिया दोघी दोन वर्षं तिथं जात होत्या.

"बेटा, अडतीस म्हणजे आजार नाही," सर म्हणाले. त्यांच्या खोलीत चार आरसे होते आणि सर बोलताना आळीपाळीनं चौघांकडे बघायचे. "तू धास्तावलीस. धास्ती आधी आली, प्रेम मागं राहिलं. ठिपक्याला धास्ती दिसली. उपाय सोपाय. तुझं कोणी गेलंय?"

"म्हणजे?"

"म्हणजे वारलंय का कोणी? अगदी जवळचं. माणूसच पाहिजे असं नाही."

देवश्री म्हणाली, "वासरू. चिमणी नावाचं. लंपी झाला होता तिला. मी तिसरीत होते."

"रडलीस?"

"दोन दिवस जेवले नव्हते."

"उत्तम," सर म्हणाले. "आता डोळ्यांपुढं चिमणी आण. शेवटची. आणली? आता म्हण, अल्फिया माझी जिवलग मैत्रीण आहे."

गोठ्यात आडवी पडलेली चिमणी, अंगावरच्या गाठी, माशा, देवश्रीच्या तळव्यावर टेकलेलं तिचं ओलं, गरम नाक. देवश्रीच्या घशात आवंढा आला. त्या आवंढ्यावरच तिनं वाक्य म्हटलं.

अठ्ठ्याऐंशी. सोनेरी कड.

"ही भावना खोटी आहे का? नाही. शंभर नंबरी आहे. फक्त दुसऱ्या खात्यातून आणली. ठिपका भावना मोजतो. तिचा पत्ता विचारत नाही." सरांनी चौथ्या आरशातला भांग नीट केला. "रविवारी दुपारी आपल्या हॉलमध्ये जोडीचा कार्यक्रम ठेवतोय. थेट. तू आणि अल्फिया समोरासमोर. तुटलेली जोडी जुळताना बघायला पब्लिक जेवण सोडून येतं. ऐंशीच्या वर गेलीस, की अडतीस कुणाच्या लक्षातही राहणार नाही."

"आणि नाही गेले तर?"

"त्याचं बघू," असं सर म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "तर मग तेच खरं, असं सगळे धरतील."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीपाशी देवश्रीनं अल्फियाला गाठलं. अल्फिया बाटली भरत होती. बाटली भरून वाहायला लागली तरी तिनं नळ बंद केला नाही.

"सरांनी तुला विचारलं?"

"विचारलं. येणारे मी."

"नको येऊस, अल्फी."

"का? तुला भ्या वाटतंय?" आता तिनं नळ बंद केला. "तुझं काय गेलं गं? तू राखाडी झालीस, दोन दिवस लोक हसले. मला पोरं रस्त्यानं 'ए अडतीस' म्हणतात. तुला नाही म्हणत, मला म्हणतात. जिच्यावर कुणाचं प्रेम नाही ती मी. माझ्या मामूनं फोन करून विचारलं, काय झालं म्हणून. ते सौदीत आहेत, देवू. सौदीत!"

"मी खरं बोलले होते."

"मग अडतीस का?"

देवश्रीकडं उत्तर होतं, पण 'मी तुझा विचारच करत नव्हते, आकड्याचा करत होते' हे उत्तर अडतीसहून वाईट होतं.

"आणि एक ऐक," अल्फिया झाकण लावत म्हणाली. "सरांकडनं ते उसन्या भावाचं शिकून आलीस ना, तर मला कळंल. मी पण त्याच बॅचला होते. मला एक्याण्णव कसे पडले होते, सांगू?"

देवश्रीनं मान हलवली. सांगू नको म्हणून.

"माझ्या वारलेल्या दादीला आणलं होतं," अल्फिया म्हणाली आणि निघून गेली.

म्हणजे जास्त पडले तरी अल्फिया विश्वास ठेवणार नव्हती आणि कमी पडले तर गाव ठेवणार नव्हतं. देवश्रीला रविवार दिसत होता आणि त्याच्या पलीकडं काही दिसत नव्हतं. तरीही तिनं सराव चालू ठेवला. करण्यासारखं दुसरं काही सुचत नव्हतं. रोज संध्याकाळी ती गच्चीवर जाऊन चिमणीला बोलवायची. पहिल्या दिवशी अठ्ठ्याऐंशी, दुसऱ्या दिवशी एक्क्याऐंशी, मग सत्तरच्या आसपास. आवंढा आता उशिरा यायचा. तिसऱ्यांदा बोलावल्यावर माशा आल्या, पण नाक आलं नाही. शुक्रवारी चिमणीच्या कपाळावरचा पांढरा ठिपका चांदणीसारखा होता की गोल, हे तिला आठवेना. शनिवारी तर डोळ्यांपुढं नुसतं एक वासरू उभं राहिलं, पोस्टरवर असतं तसं. फोन म्हणाला, बावन्न.

देवश्री गच्चीच्या कठड्याला टेकून खाली बसली. एक वासरू होतं, तेही तिनं खर्चून टाकलं होतं.

रविवारी सहज अकॅडमीचा हॉल भरला होता. मम्मी नवी साडी नेसून आली होती. पहिल्या रांगेत अप्पा, खांद्यावर रुमाल. मोमीनांकडून अल्फियाची अम्मी आली होती आणि ती मम्मीपासून चार खुर्च्या लांब बसली होती. स्टेजवर दोन खुर्च्या समोरासमोर, मागं भिंतभर पडदा, त्यावर दोघींचे चेहरे म्हैस मावेल एवढे मोठे. चव्हाट्यावर बघणाऱ्यांचा आकडा पडद्याच्या तळाशी फुगत चालला होता.

"मित्रांनो," पिसाळ सर माइकवर म्हणाले, "आज इथं काहीही ठरवलेलं नाही." त्यांना त्र्याण्णव पडले. मग ते देवश्रीकडे वळले. "देवश्री. मनापासून सांग. अल्फिया तुझी कोण?"

देवश्रीनं चिमणीला हाक मारली. गोठा आला. गोठा रिकामा होता.

समोर अल्फिया बसली होती. ती ओठ न हलवता, माइकला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "कुणाला आणतीयस? वासरू?"

"नाही आलं," देवश्री तितक्याच हळू म्हणाली.

अल्फियाच्या डोळ्यांत काहीतरी हललं. ते चांगलं होतं की वाईट, ते कळायला वेळ नव्हता.

"बोल बेटा," सर म्हणाले. "मोकळी हो."

काही न बोलताच आकडा उतरायला लागला होता. शेहेचाळीस. त्रेचाळीस. पडद्यावरच्या देवश्रीच्या गालाचा रंग चालला होता. हॉलमध्ये कुणीतरी हळूच "अडती—" म्हणालं आणि बाकीचे हसले. अल्फियाची मान खाली गेली. इतकी वर्षं शेजारी बसून देवश्रीला ठाऊक होतं, की मान अशी खाली गेल्यावर पुढं काय होतं. अल्फिया उठून जाते. आणि एकदा गेली की परत येत नाही. मांजराच्या पिल्लाच्या वेळी सहा महिने बोलली नव्हती.

देवश्री उठली. तरातरा स्टेजच्या कडेला गेली आणि वाकली.

"अप्पा, रुमाल द्या."

"आँ?"

"रुमाल द्या म्हणते ना!"

अप्पांनी रुमाल दिला. न देऊन करतात काय, सगळं गाव बघत होतं. देवश्री परत आली, खुर्ची पुढं ओढली, आपला उजवा हात अल्फियाच्या गुडघ्याजवळ नेला आणि त्यावर रुमाल टाकला.

अल्फियानं त्या रुमालाकडं बघितलं. मग देवश्रीकडं. हात काही पुढं आला नाही.

"हे काय चाललंय?" सर माइक बाजूला धरून म्हणाले. "देवश्री! वाक्य! वाक्य म्हण!"

देवश्रीनं चेहरा दगड केला आणि थांबली. तळव्याला घाम सुटला होता. पडद्यावर एकतीस. मम्मीनं पदर तोंडाला लावला. रुमालाच्या पलीकडच्या कडेला हालचाल झाली आणि एक थंडगार हात आत शिरला.

मग अल्फियाचाही चेहरा दगड झाला. भिंतीवर दोन पोरींचे दोन भलेमोठे चेहरे, त्यांवर काहीही नाही. आकडे दोघींचे घसरत होते. सव्वीस. एकोणीस. बघणाऱ्यांना काय बघतोय ते कळत नव्हतं, त्यामुळं कुणी जागचं हलत नव्हतं.

आत देवश्रीनं तिचा पंजा धरला. दहा सांगायचे तर दोनदा पंजा दाबायचा. दहापैकी दहा सांगणं सोपं होतं. पण पहिल्या दाबात पूर्ण भाव सांगणारा चोर, आणि समोरच्या बाईला हा नियम पाठ होता. आपल्याकडं माया खरोखर आहे तरी किती? त्या एक्याण्णवचा हेवा वाटला होता, तो वजा. वाक्य बोलताना आपण तिला विसरलो होतो, ते वजा. अल्फी गेल्यावर बाकावर जी थंडी वाटते, ती जमा. तिनं पंजा दाबला. मग दोन बोटं दाबली. सात.

अल्फियाचा हात तसाच राहिला. मग तिनं हात फिरवून देवश्रीचा धरला आणि बोटं दाबली. एक, दोन, तीन, चार. चौथ्या बोटाला चारही नखं तळव्यात रुतवली.

चार! देवश्रीच्या अंगातून कळ गेली. पण कळ एकीकडं, आणि तिचा जीव भांड्यात पडला होता दुसरीकडं. सौदा मोडायचा असता तर अल्फियानं रुमाल ओढला असता. ती घासाघीस करत होती. ज्याला माल नकोय तो घासाघीस करत नाही, हे बाजारात वाढलेल्या पोरीला कुणी सांगायला नको होतं.

तिनं पुन्हा पंजा धरला. अल्फियानं तिची बोटं परतवली. रुमाल हलत होता. पडद्यावर देवश्रीला नऊ पडले होते. सोलापूर जिल्ह्यात त्याआधी इतका कमी निखळांक कुणाला पडला नव्हता; भाषणाला उभ्या राहिलेल्या उमेदवारांनाही नाही. डॉ. ताम्हनकर बाईंच्या प्रयोगशाळेनं नंतर खुलासा केला, की शरीरात वादळ उठलंय आणि चेहऱ्यावर काहीच येत नाहीये, असा प्रसंग त्यांच्या गणितात धरलेलाच नव्हता. चेहराच आला नाही, तर क्रम लावायचा कुणाचा? यंत्रानं हात टेकले आणि नऊ म्हणालं.

शेवटच्या दाबानंतर दोन्ही हात क्षणभर स्थिर राहिले. मग रुमालाखाली टाळीचा दबका आवाज झाला.

"झाला!" पहिल्या रांगेतून अप्पा ओरडले. त्यांना उभं राहिल्यावर कळलं, की आपण उभे राहिलोय. "सौदा झाला!"

"काय ठरलं?" सर माइक घेऊन धावले. "अल्फिया, काय सांगितलं तिनं? सगळा महाराष्ट्र बघतोय!"

"तसं सांगत नसतात, सर," अल्फिया म्हणाली. ती रुमालाची घडी घालत होती.

सरांनी थेट प्रक्षेपण बंद केलं. मागच्या खोलीत पाहुण्यांसाठी ढोकळा ठेवला होता. मोठी माणसं एकमेकांना टाळत उभी होती. अल्फिया बशी घेऊन आली, एक तुकडा उचलला आणि देवश्रीच्या तोंडापुढं धरला.

"आ कर."

देवश्रीनं आ केला. ढोकळा कोरडा होता, घशात अडकला. बोलण्यासारखं बरंच होतं. पण कार्यक्रमात सौदा झाला होता, भांडण अजून पुरतं मिटलं नव्हतं, आणि त्याला सोमवारपासून बाक होतंच.

सोमवारी रस्त्यावरची पोरं "ए नऊ" म्हणाली, आता दोघींना. पंधरा दिवसांनी सहज अकॅडमीच्या बोर्डावर नवी ओळ आली: 'रुमाल बॅच (मौन व गूढता), मोजक्याच जागा.' मार्गदर्शक म्हणून अप्पांना विचारणा झाली. अप्पांनी मानधन विचारलं, ऐकलं आणि नाही म्हणाले. त्यांना किती पडले ते कुणी मोजलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारी मम्मी अल्फियाच्या अम्मीशी बोलायला म्हणून मागं थांबली आणि देवश्री अप्पांबरोबर चालत घरी निघाली. बाजार समितीचं कुंपण आलं तसा अप्पांना धीर धरवेना.

"सौदा कितीला पटला गं?"

"अप्पा!"

"मी आजा हाय तुझा. रुमाल पन माझाच व्हता."

"रुमालाखालचं रुमालाखालीच. तुम्हीच शिकवलंय."

अप्पांनी रुमाल खांद्यावर टाकला, काढला, पुन्हा टाकला. रागावल्यासारखे चार पावलं पुढं गेले आणि थांबले. "बरं, आकडा नगं सांगूस. तोटा तर न्हाई ना झाला? येवढं तरी सांग."

देवश्रीच्या तळव्यावर अल्फियाच्या नखांचे चार अर्धगोल अजून लाल होते. तिनं मूठ मिटली.

"परवडला," ती म्हणाली.

कानामागचा ठिपका काढायचा राहून गेला होता. फोन मात्र बंद होता, त्यामुळं त्या एका शब्दाला किती पडले, ते कुणालाच कळलं नाही.